रेडिएशन संपून पाचच आठवडे झालेत आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'उरलेला आजार' लिहिलंय

मोरपंखी, १५ फेब्रुवारी, रात्री ११.४०

पहिल्यांदाच धागा काढते आहे. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आईचं वय ५८. गर्भाशयमुखाचा कर्करोग, स्टेज २बी. बाहेरून २५ वेळा रेडिएशनचा शेक, एकूण ४५ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप). त्यासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, असं पाच वेळा. मग आतून ब्रॅकीथेरपी, ७ ग्रेच्या चार बैठका. सगळं सात आठवड्यांत पार पडलं, शेवटची बैठक ९ जानेवारीला. उलट्या, जुलाब, थकवा सगळं सोसून तिने एकही दिवस चुकवला नाही.

रेडिएशनच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की तपासणी तीन महिन्यांनी, त्याआधी नाही. पण गेल्या आठवड्यात ओटीपोटात दुखायला लागलं म्हणून आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लगेच एमआरआय करायला लावला. रिपोर्टमधलं वाक्य जसंच्या तसं मराठीत लिहिते: 'गर्भाशयमुखात १.८ सेंमीचा मध्यम तेजाचा भाग, कॉन्ट्रास्ट घेतो, उरलेला आजार नाकारता येत नाही.' (कॉन्ट्रास्ट म्हणजे तपासणीच्या वेळी शिरेतून देतात ते औषध.)

हे मी जिन्यात उभी राहून मोबाइलवर वाचलं. वर गेले आणि आईला म्हटलं, रिपोर्ट अजून आला नाही. दोन दिवस झाले, अजून तेच सांगते आहे.

आता ते डॉक्टर म्हणतात, तुकडा काढून तपासू. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात, हात लावू नका, थांबा. दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि खरंच काही उरलं असेल तर या थांबण्यात वेळ हातचा जाणार नाही का?

वाटचाल, १६ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

मोरपंखी, तू झोपली नसशील म्हणून उठल्या उठल्या लिहिते. मला याच आजाराची सहा वर्षं झाली. माझ्याही सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांच्या बोटांना कडक लागलं होतं, सगळे गप्प झाले होते. चौथ्या महिन्यात तीच जागा मऊ, सपाट. माझं झालं म्हणून आईचंही तसंच होईल, असं म्हणत नाही. इतकंच की पाचव्या आठवड्यात शेवटचा शब्द कोणीच बोलू शकत नाही. इथे एक रेडिओलॉजिस्ट आहेत, त्यांना धाग्यावर बोलावते.

राखाडी_छटा, १६ फेब्रुवारी, दुपारी २.०५

मोरपंखी, मी रेडिओलॉजिस्ट आहे, ओटीपोटाचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम. आईच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी निदान करणार नाही. पण त्या वाक्याचा अर्थ सांगते. 'नाकारता येत नाही' म्हणजे 'आहे' नव्हे. पाचव्या आठवड्यात 'नाही' असं लिहायला आमच्याकडे आधारच नसतो, म्हणून ते वाक्य येतं.

मुळात रेडिएशनने पेशी जागच्या जागी जळून जात नाही. तिच्या डीएनएचे धागे तुटतात, आणि ती तशीच विभागायला जाते तेव्हा मरते. काही पेशी पहिल्या विभाजनात जातात, काही दोन-तीनदा विभागून मग. म्हणून शेवटची बैठक संपल्यावरही गाठ पुढचे कित्येक आठवडे विरतच असते. मेलेल्या पेशी उचलून न्यायलाही शरीराला वेळ लागतो, आणि हे काम चालू असताना तिथे सूज असते.

आता चित्रात काय दिसतं ते. एमआरआयच्या टी-२ नावाच्या चित्रांत पाणी पांढरं दिसतं. निरोगी गर्भाशयमुखाची भिंत घट्ट तंतूंची, त्यात पाणी कमी, म्हणून आडव्या छेदात ती काळ्या बांगडीसारखी दिसते. गाठ राखाडी असते. गाठीने जिथे भिंत खाल्ली तिथे बांगडी तुटलेली. उपचारानंतर माझी नजर आधी त्या बांगडीवर जाते. ती पुन्हा अखंड, काळी दिसली तर गाठ गेल्याची ती फार भरवशाची खूण. पाचव्या आठवड्यात अडचण अशी की सुजेत पाणी असतं आणि पाण्याने काळ्याचं राखाडी होतं. गाठही राखाडी, सूजही राखाडी. कॉन्ट्रास्ट दोन्ही घेतात. तुमच्या रिपोर्टमधली दोन्ही लक्षणं, मध्यम तेज आणि कॉन्ट्रास्ट, निव्वळ सुजेनेही दिसू शकतात.

इथे डिफ्युजनची चित्रं मदतीला येतात. पाण्याचे कण किती मोकळेपणी हलतात ते त्यात कळतं. दाटीवाटीच्या पेशींत कण अडकतात, ती जागा चकाकते, आणि सोबतच्या एडीसी नकाशात तीच जागा काळी दिसते. सुजेतलं पाणी मोकळं असतं, त्यामुळे नकाशात ती जागा उजळ राहते. एकटं डिफ्युजनचं चित्र पाहिलं तर फसायला होतं, कारण नुसतं पाणी जास्त असलं तरी जागा चकाकू शकते. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायचं. व्रण जुना होऊन आवळला की तो दोन्हीकडे काळा. पण तो तसा व्हायला बरेच महिने लागतात.

तुकडा काढण्याबद्दल मी स्पष्टच बोलते. आत्ता, केवळ या रिपोर्टवरून, नको. शेक दिलेल्या भागाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, तिथली जखम भरायला फार वेळ घेते. कधी भरतच नाही, आणि मूत्राशय किंवा गुदाशयाशी भोक पडून आयुष्यभराचा त्रास मागे लागतो. बरं, तुकड्यात पेशी सापडल्या तरी त्या जगणाऱ्या की मरणपंथाला लागलेल्या, हे इतक्या लवकर सूक्ष्मदर्शकाखालीही नीट सांगता येत नाही. म्हणजे जोखीम घेऊनही उत्तर हाती नाही. युरोपातल्या स्त्री-कर्करोग आणि रेडिएशनच्या संस्थांनी मिळून काढलेली मार्गदर्शक तत्त्वंही प्रतिसाद जोखायची तपासणी तीन महिन्यांच्या आत नको असंच सांगतात.

दोन प्रश्न. रिपोर्टमध्ये एडीसीचा उल्लेख आहे का? आणि वाचणाऱ्यासमोर उपचाराआधीचा एमआरआय होता का?

मोरपंखी, १६ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

एडीसीचा उल्लेख नाही. आणि खाली बारीक अक्षरात आहे: 'तुलनेसाठी जुनी तपासणी उपलब्ध नाही.' जुनी सीडी कपाटात होती. आमच्याकडे कोणी मागितली नाही आणि न्यायची असते हे मला माहीत नव्हतं. आत्ता काढून पाहिली, आधीची गाठ ४.६ सेंमीची लिहिली आहे.

राखाडी_छटा, १६ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

म्हणजे ४.६ वरून १.८, तेही त्यात सूज असेल ती धरून. हे वाक्य रिपोर्टमध्ये असतं तर तुम्ही तो जिन्यात वेगळ्या तऱ्हेने वाचला असता. जुनी चित्रं शेजारी नसतील तर मलाही तेच मोघम वाक्य लिहावं लागतं. शक्य असेल तर जुनी सीडी त्याच केंद्रात नेऊन द्या आणि तुलना करून पुरवणी रिपोर्ट मागा. यात संकोच करू नका, हे नेहमी केलं जातं.

आणि आईला सांगा. रिपोर्ट येत नाहीये याचा अर्थ त्यांना कधीच कळला असेल.

शोधयात्री, १६ फेब्रुवारी, रात्री ९.२०

मला हे 'थांबा' पटत नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत थांबा-थांबा करता आजार फुप्फुसात गेला. पेट स्कॅन आहे ना, तो आत्ताच करून टाका. एमआरआयला सूज आणि गाठ वेगळी कळत नसेल, पेटमध्ये तर जिवंत पेशीच चमकतात.

ओंजळ, १७ फेब्रुवारी, सकाळी १०.००

शोधयात्री, मावशींचं वाचून वाईट वाटलं. मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, रोज पेट स्कॅन करते. पेटमध्ये जिवंत पेशी चमकतात हे खरं, पण त्या फक्त कर्करोगाच्याच असतात असं नाही. आम्ही टोचतो ती किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ लावलेली साखर, एफडीजी. जी पेशी साखर जास्त खाते ती चमकते. सूज निस्तरायला आलेल्या पांढऱ्या पेशीही साखर भरपूर खातात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात पेट केला तर शेक दिलेला सगळा भागच उजळलेला दिसू शकतो, आणि मोरपंखीच्या हातात एक 'नाकारता येत नाही' आहे त्याची दोन होतील.

तीन महिन्यांनी मात्र हाच स्कॅन फार मोलाचा. २००७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ९२ स्त्रिया, उपचारानंतर साधारण तीन महिन्यांनी पेट. ज्यांच्यात कुठेच चमक उरली नव्हती त्यांच्यापैकी ७८ टक्के तीन वर्षांनी आजार न वाढता होत्या. मूळ जागी थोडी चमक उरलेल्यांत ३३ टक्के. नवीन जागी चमक दिसलेल्यांत एकही नाही. आकडे कठोर आहेत, पण मधल्या गटाकडे नीट बघा. चमक उरलेल्यांतही तिघींमागे एक जण ठीक होती. म्हणून तीन महिन्यांनंतरही उरलेली चमक म्हणजे लगेच हार नव्हे, तिथून पुढची तपासणी सुरू होते.

तयारीचं सांगून ठेवते, कारण यात चूक झाली तर स्कॅन वाया जातो. चार ते सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. रक्तातली साखर २०० च्या आत हवी. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध चालू असेल तर आधीच सांगा, त्याने आतडी उजळतात आणि ओटीपोटात आतडी नेमकी तिथेच असतात. आदल्या दिवशी दमणूक नको. आणि टेबलावर चढण्याआधी लघवी करून यायचंच. एफडीजी लघवीतून बाहेर पडतं, भरलेलं मूत्राशय दिव्यासारखं पेटतं आणि त्याच्या मागेच चिकटलेलं गर्भाशयमुख त्या उजेडात हरवतं. मी प्रत्येकीला दोनदा सांगते.

राखाडी_छटा, १७ फेब्रुवारी, दुपारी १.१५

शोधयात्रींच्या रागात एक खरी गोष्ट आहे, ती सुटायला नको. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. स्कॅनला थांबायचं असतं, डॉक्टरांना दाखवायला नाही. या तीन महिन्यांतही हाताची तपासणी व्हायला हवी. बोटांनी आतून तपासणारा अनुभवी डॉक्टर कडकपणा बाजूला किती पसरलाय हे सांगतो, आणि तो आठवड्यागणिक कमी होतोय की वाढतोय हे कोणत्याही एका स्कॅनपेक्षा बोलकं असतं.

पुढचं काही दिसलं तर मात्र तीन महिने मोजत बसू नका: बंद झालेला रक्तस्राव पुन्हा सुरू होणं, एकाच पायाला सूज, कुशीत किंवा पाठीत सतत दुखणं, लघवी कमी होणं, योनीमार्गातून लघवी किंवा मल येणं, ताप आणि दुर्गंधीचा स्राव. कुशीतल्या दुखण्याला आधी साधी सोनोग्राफी पुरते. मूत्रपिंड फुगलंय का ते तिच्यात लगेच कळतं. मूत्रनलिका व्रणाने आवळली की गाठीने दाबली, हा पुढचा प्रश्न, पण मूत्रपिंड वाचवणं आधी.

ताप आणि दुर्गंधीचं वेगळं सांगायला हवं. रेडिएशनने गर्भाशयमुखाचं तोंड आवळून बंद होतं, आतला स्राव गर्भाशयात साठतो आणि कधी त्याचा पू होतो. एमआरआयवर गर्भाशय फुगलेलं दिसतं. उपाय सोपा, तो निचरून काढणं. उशीर झाला तर जिवावर बेततं.

उंबरठा, १८ फेब्रुवारी, रात्री १०.५०

मी या धाग्यावर गप्पच होतो, पण आमची गोष्ट कोणाच्या तरी कामी येईल.

बायकोला रेडिएशन संपून अकरा महिने झाले होते. तिसऱ्या महिन्याचा पेट स्वच्छ. मग कंबरेच्या खाली, दोन्ही बाजूंना दुखायला लागलं. बसून उठताना तिचा चेहरा पांढरा पडायचा. सीटी केला. रिपोर्ट: 'त्रिकास्थीत बदल, हाडातला प्रसार असू शकतो.' त्रिकास्थी म्हणजे कण्याच्या टोकाशी, कंबरेखालचं हाड. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांशी काही बोललो नाही. तिने कपाट आवरायला घेतलं. मला कळत होतं ती काय आवरतेय.

चार दिवसांनी आमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला. तो आजार नव्हताच. हाडाला बारीक तडे गेले होते, दोन्ही बाजूंना. आज ती चालते. काही महिने भार कमी, दुखण्यावर औषध, हाडांसाठी उपचार. मला अजून प्रश्न पडतो की पहिल्या रिपोर्टमध्ये ही शक्यता का लिहिली नव्हती.

राखाडी_छटा, १९ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

उंबरठा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. ती शक्यता पहिल्या रिपोर्टमध्ये लिहायला हवीच होती.

ओटीपोटाच्या रेडिएशननंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, त्रिकास्थीला असे तडे जाणं नवलाचं नाही. हाड आतून अशक्त होतं आणि रोजच्या चालण्याचा भारही त्याला पेलत नाही. बहुतेक वेळा हे पहिल्या एक-दोन वर्षांत दिसतं. तडे सहसा दोन्ही बाजूंना, त्रिकास्थी आणि कटीच्या सांध्याला समांतर जातात, आणि मधून आडवा तडा गेला तर चित्रात इंग्रजी 'एच' अक्षर उमटतं. हाडाच्या स्कॅनवर आणि पेटवर ही जागा चमकते, म्हणूनच घात होतो. एमआरआयमध्ये टी-१ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात काळी रेघ आणि भोवती सूज दिसते, पण बाजूला गोळा नसतो.

आणखी एक गोष्ट मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी दाखवते. शेक लागलेल्या हाडांतला मगज चरबीत बदलतो आणि टी-१ चित्रात पांढरा होतो. मणक्यांच्या रांगेत वरचे मणके राखाडी, खालचे पांढरे, आणि मधे शेताच्या बांधासारखी सरळ हद्द. ती हद्द म्हणजे रेडिएशनच्या पट्ट्याची वरची कड. दुखणारी जागा त्या हद्दीच्या आत की बाहेर, हे पाहिल्याशिवाय मी 'प्रसार' हा शब्द लिहीत नाही. आत असली म्हणजे आजार नाहीच असं नव्हे, पण तड्याचा विचार आधी करायला हवा.

सांजवात, २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५

माझ्या बहिणीचं वय ३४, तिलाही हेच उपचार. रेडिएशनच्या आधी शस्त्रक्रिया करून तिचे अंडाशय वर, पोटाच्या कडेला हलवून ठेवले होते, शेक लागू नये म्हणून. आता सीटीच्या रिपोर्टमध्ये 'उजव्या बाजूला ३ सेंमीची गाठ, पोटाच्या आवरणावरील प्रसाराची शंका'. हा तोच अंडाशय असेल का?

राखाडी_छटा, २१ फेब्रुवारी, रात्री ९.१०

असू शकतो, आणि हा चुकीचा अर्थ नवा नाही. शस्त्रक्रियेचा कागद रिपोर्ट वाचणाऱ्याच्या हातात द्या. हलवलेल्या अंडाशयाजवळ बहुधा धातूच्या बारीक क्लिप असतात, त्याची रक्तवाहिनी वरून खाली माग काढत नेता येते, आणि आत कूपिका, म्हणजे बीजांड वाढतात त्या बारीक पिशव्या, दिसतात. तपासणीच्या अर्जावर 'अंडाशय स्थलांतरित' एवढे दोन शब्द लिहिलेले असले तर हा गोंधळ होतच नाही. अर्ज भरणाऱ्या डॉक्टरांना तुम्हीच आठवण करा.

मोरपंखी, १७ एप्रिल, दुपारी ४.२०

दोन महिन्यांनी येते आहे. तुकडा काढला नाही.

तुलना केलेला पुरवणी रिपोर्ट मागच्या वेळीच मिळाला, त्यात एडीसी नकाशात ती जागा उजळ असल्याचं लिहिलं होतं. त्याच रात्री आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला जिन्यातल्या तुझ्या पावलांवरूनच कळलं होतं.

आता १४ आठवडे पूर्ण. गेल्या आठवड्यात एमआरआय आणि पेट दोन्ही केले. जुन्या दोन्ही सीडी घेऊन गेले, अर्जावर रेडिएशन संपल्याची तारीख लिहून घेतली. गर्भाशयमुखात गाठ नाही, चमक नाही. डॉक्टरांनी स्क्रीनवर तिन्ही एमआरआय शेजारी शेजारी लावून दाखवले. पहिल्यात डावी बाजू पूर्ण खाल्लेली, दुसऱ्यात सगळं धुरकट, तिसऱ्यात ती काळी बांगडी. आईने चष्मा लावला आणि स्क्रीनला बोट लावून विचारलं, हीच का ती?

एक गोष्ट बाकी आहे. ओटीपोटात डावीकडे एक लसीकाग्रंथी होती, तिचा लहान व्यास १४ मिमी होता, आता ७ झालाय, पण पेटमध्ये किंचित चमक आहे. डॉक्टर म्हणाले, १० मिमीच्या आत आल्याने आकार ठीक आहे, चमक सुजेचीही असू शकते, तीन महिन्यांनी पुन्हा पेट करू. या वेळी मला 'थांबा'ची तितकी भीती वाटली नाही, पण वाटली. राखाडी_छटा, पुढचा पेट दुसऱ्या केंद्रात केला तर चालेल? तिथली तारीख लवकर मिळते आहे.

ओंजळ, १७ एप्रिल, संध्याकाळी ६.००

बांगडीचं वाचून विभागात सगळ्यांना सांगितलं. पेट शक्यतो त्याच केंद्रात, त्याच मशिनवर कर. चमकेचा आकडा मशीन, रक्तातली साखर आणि टोचल्यापासून गेलेला वेळ या सगळ्यांवर बदलतो. किंचित चमक वाढली की घटली हे पाहायचं असेल तर बाकीचं सारखं हवं. या वेळी टोचल्यावर किती मिनिटांनी स्कॅन घेतला ते रिपोर्टमध्ये असेल, पुढच्या वेळी तेवढ्याच मिनिटांनी घ्यायला सांग.

राखाडी_छटा, १७ एप्रिल, रात्री ८.४०

ओंजळशी पूर्ण सहमत. लवकरची तारीख सोडून द्या, जुलैचीच घ्या. मधल्या काळात डाव्या पायाला सूज आली तर मात्र लगेच दाखवा.

मोरपंखी, १७ एप्रिल, रात्री ९.०५

टोचल्यावर ६२ मिनिटं लिहिलंय. जुलैची तारीख त्याच केंद्रात घेतली. सगळ्या सीडी आता एका पिशवीत, वर तारखा लिहून ठेवल्या आहेत.